ख्रिसमस डिनर घरी करताय? मग आधी घड्याळ, रेसिपी नंतर

घरी ख्रिसमसचं जेवण करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी रेसिप्या शोधायला लागतात, आणि त्या ढीगभर मिळतातही, पण जेवण बिघडतं ते रेसिपीमुळे नाही तर वेळेमुळे. चिकन तयार असतं तेव्हा बटाटे कच्चे, बटाटे झाले तोवर गाजरं गार, ग्रेव्हीला अजून हातच लागलेला नाही, आणि ज्याने सकाळपासून राबून सगळं केलं तो शेवटी ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन घास खातो. हे मला अजिबात पटत नाही. स्वयंपाक करणाऱ्यानेही सगळ्यांबरोबर बसून, गरम गरम आणि निवांत जेवलं पाहिजे, आणि त्यासाठी प्लॅनिंग उलटं करायचं, म्हणजे जेवायला किती वाजता बसायचं ते ठरवून तिथून मागे मागे मोजत यायचं.

आधी कोण येणार ते

मेन्यू ठरवायच्या आधी माणसं ठरवा. २४ च्या रात्री जेवणार की २५ ला दुपारी की रात्री, कोणाला प्रार्थनेला चर्चमध्ये जायचंय आणि किती वाजता, हे आधी विचारून घ्या कारण त्यावरच जेवणाची वेळ ठरते. आणि ओळखीत कोणी त्या दिवशी एकटं असणार असेल तर त्यांना आठवडाभर आधी बोलवा. आदल्या दिवशी संध्याकाळी आलेलं आमंत्रण कितीही मनापासून दिलेलं असलं तरी समोरच्याला संकोच वाटतो, "उगाच कशाला" म्हणून लोक नाही म्हणतात.

बोलवतानाच खाण्याचं विचारून टाका, लाजू नका. नट्सची अॅलर्जी, अंडं, दूध, गहू, कोण मांस खात नाही, कोण पोर्क किंवा बीफ खात नाही, कोण दारू घेत नाही (केकमधली रमसुद्धा त्यात आली). एका मेसेजचं काम आहे पण त्याच्यावर अर्धा मेन्यू ठरतो. शाकाहारी पाहुणा असेल तर एक गोष्ट फार महत्त्वाची, त्याच्यासाठी वेगळा मेन डिश करा, फक्त "तू बटाटे आणि गाजरं घे ना" असं नको. आणि ते बटाटे चिकनच्या चरबीत भाजलेले नकोत, ग्रेव्ही चिकनच्या स्टॉकची (म्हणजे हाडं उकळून गाळलेल्या पाण्याची) नको. विचारल्यावर सांगू असं ठरवण्यापेक्षा बटाटे सरळ तेलातच करा, चवीत फारसा फरक पडत नाही आणि सगळे एकाच भांड्यातून घेऊ शकतात.

मेन्यू छोटा ठेवा

माझं स्पष्ट मत आहे की घरच्या डिनरला एक रोस्ट, एक शाकाहारी मेन, भाजलेले बटाटे, दोन भाज्या, ग्रेव्ही, एखादा आंबटगोड सॉस आणि शेवटी गोड, एवढं पुष्कळ झालं. स्टार्टर नको. स्टार्टर म्हणजे ऐन घाईच्या अर्ध्या तासात अजून एक काम, आणि लोकांची भूकही मरते. फार तर चीज, ऑलिव्ह, भाजलेले नट्स असं काहीतरी बाउलमध्ये काढून ठेवा.

टर्की की चिकन, हा प्रश्न दरवर्षी येतो. आठ-दहा माणसांपर्यंत मी चिकनच सांगेन. टर्कीचं दिसणं भारी असतं पण साडेचार-पाच किलोचा पक्षी १६५-१७० डिग्रीला तीन तासांच्या आसपास ओव्हन अडवून बसतो, आणि पाय शिजेपर्यंत छातीचा भाग कोरडा पडायची शक्यता जास्त. दोन किलोचं एक चिकन पाच-सहा जणांना होतं. माणसं जास्त असली तर एक मोठा पक्षी आणण्यापेक्षा दोन चिकन शेजारी शेजारी भाजा, मधे हवा खेळायला जागा ठेवून. वेळ एका चिकनच्या वजनावर धरायची, वर १०-१५ मिनिटं, दुप्पट करायची नाही.

प्रमाण साधारण असं धरा, माणशी ३५०-४०० ग्रॅम हाडांसकट कच्चं चिकन, २००-२५० ग्रॅम बटाटे, दोन्ही भाज्या मिळून १५०-२०० ग्रॅम आणि ग्रेव्ही १०० मिली. ग्रेव्ही कमी पडली की सगळ्यांनाच वाईट वाटतं, म्हणून तिथे हात राखू नका.

गोड पदार्थ आधीच करून ठेवायचा, यावर तडजोड नाही. फ्रूट केक तर आधी केलेलाच चांगला लागतो, मुरतो. मनुका, बेदाणे, चिरलेले जर्दाळू-खजूर असा ५०० ग्रॅम सुका मेवा रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात भिजवायचा. रममध्ये महिनाभरही राहतो, रसातला मात्र एका रात्रीत वापरायचा नाहीतर आंबेल. उशीर झाला असेल तर दीडशे मिली रस कोमट करून त्यात मेवा घाला, झाकण लावा, सकाळपर्यंत छान फुगतो. मग १७५ ग्रॅम लोणी आणि १७५ ग्रॅम ब्राउन शुगर फेटून त्यात तीन अंडी एकेक करून, २०० ग्रॅम मैदा, चमचाभर दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड, आणि शेवटी मेवा. २० सेंटीमीटरच्या डब्यात बटर पेपर लावून १५० डिग्रीला पावणेदोन ते दोन तास. सुरी घालून बघा, कोरडी आली की झाला. वरून लवकर काळा पडायला लागला तर फॉइल टाका. पूर्ण गार झाल्यावरच गुंडाळून डब्यात ठेवा, गरम ठेवलात तर आत वाफ धरते आणि बुरशी येते.

चिकनची तयारी, इथे वेळ घालवा

फ्रोझन आणलं असेल तर फ्रीजमध्येच वितळवा, ओट्यावर नाही. दर दोन-अडीच किलोला २४ तास लागतात, म्हणजे २५ तारखेसाठी २३ लाच फ्रीझरमधून खाली आणा कारण २४ ला मीठ लावायचंय. विसरलात तर पिशवीसकट गार पाण्यात बुडवायचं, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, दोन किलोला दोन-अडीच तासात होतं, पण मग लगेच शिजवायचं.

आणि कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. सवयीने हात जातो, मला माहितीये, पण धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट पाण्याचे शिंतोडे सिंक, ओटा, शेजारी वाळत ठेवलेल्या ताटल्यांवर उडतात. कागदी किचन टॉवेलने आतून बाहेरून टिपून कोरडं करा, टॉवेल फेकून द्या, हात साबणाने धुवा. जंतू मरतात ते उष्णतेने.

आता मीठ. आदल्या दिवशी संध्याकाळी किलोला १० ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड-पावणेदोन सपाट छोटे चमचे, सगळीकडून चोळा, आतूनही, मांड्यांच्या बेचक्यातही. मग ताटात ठेवून झाकण न लावता फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात रात्रभर, म्हणजे काही ठिबकलं तरी दुसऱ्या अन्नावर पडणार नाही. याने दोन गोष्टी होतात. मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर ओढतं, ते पाणी मीठ विरघळवून घेऊन परत आत जातं, मांसातली प्रथिनं थोडी सैल होतात आणि भाजताना पाणी धरून ठेवतात, म्हणून छातीचा भाग कोरडाठाक होत नाही. आणि कातडी रात्रभरात सुकते, हाताला कागदासारखी लागते, अशीच कातडी ओव्हनमध्ये खरपूस होते. ओली कातडी आधी वाफवते आणि मग गिळगिळीत राहते, कितीही लोणी चोळा.

लोणी लावायचंच आहे तर कातडीच्या आतून लावा. ५०-६० ग्रॅम मऊ बिनमिठाचं लोणी, दोन-तीन लसूण पाकळ्या ठेचून, थाइम किंवा रोजमेरी, लिंबाची किसलेली साल. मानेच्या बाजूने बोटं हळूच कातडी आणि मांसाच्या मधे घाला, तिथे एक पातळ पापुद्रा असतो तो सुटत जातो, नखं लागू देऊ नका नाहीतर कातडी फाटते. लोणी आत सरकवून वरून हात फिरवून पसरवा. पोटात अर्ध लिंबू आणि कांद्याचा तुकडा, बस. स्टफिंग, म्हणजे सारण, करणार असाल तर ते पोटात भरू नका, वेगळ्या भांड्यात भाजा. पोटातलं स्टफिंग कच्च्या चिकनचा रस पितं, त्यामुळे तेही आतपर्यंत ७४ डिग्रीला पोचावं लागतं, आणि ते पोचेपर्यंत चिकन जास्त शिजून जातं.

ट्रेमध्ये खाली कांद्याच्या जाड चकत्या आणि एक-दोन गाजरं पसरा, त्यावर चिकन, छाती वर. या कांद्या-गाजरांवरच नंतर ग्रेव्ही उभी राहते.

आता उलटं घड्याळ

समजा रात्री ८ ला जेवायला बसायचंय, दोन किलोचं एक चिकन आहे आणि ओव्हन एकच आहे. तुमची वेळ वेगळी असेल तर सगळे आकडे तेवढे पुढेमागे करा.

दुपारी ३ पर्यंत बटाटे अर्धवट उकडून ठेवलेले, भाज्या चिरलेल्या, टेबल मांडलेलं, शाकाहारी मेन, म्हणजे मशरूमचा पाय (pie, पेस्ट्रीत सारण भरून भाजलेला पदार्थ, कृती पुढे आहे), कच्चा तयार करून फ्रीजमध्ये.
४:५० ला चिकन फ्रीजबाहेर.
५:१० ला ओव्हन १९० डिग्रीवर गरम करायला. पंख्याचा मोड असेल तर २० डिग्री कमी.
५:३० ला चिकन आत.
६:४० ला बटाटे खालच्या रॅकवर.
७:१० च्या सुमाराला चिकन तपासून बाहेर, ओव्हन २१०-२२० वर, आणि चिकनच्या जागी मशरूमचा पाय.
७:२० ला ग्रेव्ही, ७:३० ला भाज्या.
७:४५ ला चिकन कापायला घ्या, ७:५० ला बटाटे आणि पाय बाहेर, ८ ला तुम्हीही खुर्चीत.

हे कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा. मोबाइलमध्ये नको, हात तेलाचे असतात आणि शिवाय घरातल्या इतरांना दिसलं तर तेही न विचारता हातभार लावतात. आणि ज्याचा ओव्हन जुना किंवा छोटा आहे त्याने आकड्यावर फार विश्वास न ठेवता १५ मिनिटं जास्तीची धरूनच चालावं.

चिकन आत गेल्यावर सारखं दार उघडून वरून रस ओतत बसू नका. दर वेळी ओव्हनची उष्णता जाते, वेळ वाढतो, आणि रस काही कातडीतून आत जात नाही, उलट कातडी ओली होते. फक्त तासाभराने एकदा बघा, ट्रेमध्ये खाली जळकट व्हायला लागलं असेल तर कपभर गरम पाणी खाली ओता, चिकनवर नाही.

झालं की नाही हे ओळखायला थर्मामीटर घ्या, खरंच घ्या, किचनमधल्या बऱ्याच महागड्या वस्तूंपेक्षा उपयोगी आहे. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला टेकू न देता, ७४ डिग्री सेल्सियस दिसले पाहिजेत. मांडीत ८० पर्यंत गेलं तरी बिघडत नाही, उलट मऊ लागते. थर्मामीटर नसेल तर मांडी टोचल्यावर येणारा रस स्वच्छ असावा, गुलाबी नको, आणि पाय हलवला तर सांध्यात सहज हलावा. ही खूण थर्मामीटरइतकी पक्की नाही, म्हणून शंका आली तर अजून दहा मिनिटं ठेवा.

बाहेर काढल्यावर चिकनला २०-३० मिनिटं हात लावायचा नाही. लोकांना वाटतं गार होईल. अख्खं चिकन एवढ्यात गार होत नाही, उलट आतलं तापमान काही डिग्री अजून चढतं, मग रस थोडा दाट होऊन मांसातच राहतो. लगेच कापलंत तर तो सगळा पाटावर वाहून जातो. वर फॉइल नुसती सैल टाका, घट्ट बांधली तर वाफेने कातडी मऊ पडते. आणि हीच ती ३० मिनिटं ज्यात ओव्हन रिकामा मिळतो, बटाट्यांना हवी ती जास्तीची आच मिळते, ग्रेव्ही होते. सगळा हिशोब या अर्ध्या तासावर टिकलेला आहे.

बटाटे

लोकांना चिकन आठवत नाही, बटाटे आठवतात, त्यामुळे इथे आळस नको. पिठूळ जातीचे बटाटे घ्या, चिकट नकोत. सोलून चार-पाच सेंटीमीटरचे तुकडे करा. दोन लिटर पाण्याला दोन छोटे चमचे मीठ आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, पाणी उकळलं की बटाटे घालून साधारण दहा मिनिटं. सोड्याने बटाट्याचा बाहेरचा थर लवकर मऊ होऊन सुटतो, आतलं तसंच राहतं. कडा थोड्या पिठाळ दिसायला लागल्या आणि सुरीचं टोक कडेत सहज गेलं की चाळणीत ओता. परत त्याच गरम पातेल्यात टाकून दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग झाकण लावून पातेलं दोन्ही हातांनी धरून चार-पाच वेळा चांगलं हलवा. झाकण काढल्यावर तुकडे खरबरीत दिसले पाहिजेत, सगळ्या अंगावर मऊसर लगद्याचा थर आलेला. हाच थर तेलात कुरकुरीत होतो. गुळगुळीत तुकडे भाजले तर वरून नुसती पातळ चामडी येते.

हे दुपारीच करून ताटात पसरून ठेवता येतं, सुकले की अजून चांगले होतात. भाजताना ट्रेमध्ये बऱ्यापैकी तेल घालून ट्रे आधी दहा मिनिटं ओव्हनमध्ये तापवा, बटाटा टाकल्यावर चर्र आवाज यायला हवा. एका थरात, एकमेकांना न चिकटता. मग निदान २५ मिनिटं त्यांच्या वाटेला जाऊ नका, खालची बाजू धरल्याशिवाय उलटवायला गेलात तर तो थर ट्रेलाच चिकटून राहतो. चिकन बाहेर आलं की एकदा उलटवा आणि वाढलेल्या आचेवर शेवटपर्यंत. मीठ, रोजमेरी, ठेचलेला लसूण शेवटच्या दहा मिनिटांत, आधी घातलात तर लसूण जळून कडू होतो. बाहेर आल्यावर झाकू नका, अगदी पाच मिनिटंसुद्धा नाही.

ग्रेव्ही

चिकन पाटावर काढलं की ट्रेमध्ये जे उरलंय ते सोनं आहे, ते सिंकमध्ये जाता कामा नये. ट्रे तिरका धरा, वरची चरबी चमच्याने काढून घ्या, दोन मोठे चमचे ठेवा. ट्रे धातूचा असेल तर थेट मंद गॅसवर ठेवा. काचेचा किंवा सिरॅमिकचा असेल तर कधीही ठेवू नका, तडकतो, त्यात थोडं गरम पाणी घालून सगळं खरवडून पातेल्यात ओता. आता दोन मोठे चमचे मैदा घालून दोन मिनिटं परता, कच्चा वास जाऊन भाजल्याचा खमंग वास यायला लागला की अर्धा लिटर गरम स्टॉक, पण एकदम नाही, आधी पाव कप घालून गोळी मोडा, मग अजून थोडा, मग बाकीचा. तळाला चिकटलेलं तपकिरी सगळं उलथण्याने सोडवा, चव तिथेच आहे. पाच-सात मिनिटं उकळू द्या, गाळून घ्या. चिकनच्या खाली पाटावर जमलेला रसही यातच, तो घातल्यावर पुन्हा एक उकळी. आणि मीठ अगदी शेवटी, चाखून, कारण चिकनला रात्रीच मीठ लागलेलं आहे आणि स्टॉकमध्येही असतं. फिकी लागली तर आधी लिंबाचे दोन थेंब टाकून बघा, बहुतेक वेळा मीठ नाही आंबट कमी पडलेलं असतं.

झाली की थर्मासमध्ये ओता. दुसरं वाढप सुरू होईपर्यंत कडकडीत राहते आणि गॅसवर परत परत गरम करायला उठावं लागत नाही.

शाकाहारी ग्रेव्ही आदल्या दिवशी करून ठेवता येते. तीन-चार कांदे पातळ चिरून लोण्यात अगदी मंद आचेवर अर्धा तास, गडद तपकिरी होईपर्यंत, मैदा, मग सुके मशरूम भिजवलेलं पाणी आणि चमचाभर सोया सॉस. ही इतकी चांगली होते की मांस खाणारेही मागतात, थोडी जास्तच करा.

शाकाहारी मेन म्हणून मशरूमचा पाय सांगते कारण तो वरच्या घड्याळात नेमका बसतो. ५०० ग्रॅम मशरूम मोठ्या आचेवर, पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, हे अर्धवट सोडलंत तर पेस्ट्री खालून ओली होते. परतलेला कांदा, पिळून घेतलेला पालक, कुटलेले अक्रोड (नट्सची अॅलर्जी नाही ना ते बघून), थोडं क्रीम चीज, मिरपूड. गार करून पफ पेस्ट्रीत बंद करा, वरून दूध लावा, दोन-तीन चिरा द्या. २१०-२२० ला ३५-४० मिनिटं.

बाकीच्या भाज्यांना फार वेळ देऊ नका. गाजराच्या फोडी, थोडं लोणी, चमचाभर मध, चिमूटभर मीठ आणि बुडतील एवढं पाणी, उघड्या पातेल्यात पाणी आटेपर्यंत, शेवटी चकाकी येते. हिरव्या शेंगा खारट उकळत्या पाण्यात चार मिनिटं. क्रॅनबेरी सॉस किंवा कुठलाही आंबटगोड फळांचा सॉस दोन दिवस आधीच. त्याची गरज असतेच, लोणी-चरबीच्या जेवणात जीभ जड होते, आंबट काहीतरी हवं.

ओव्हन छोटा असेल, किंवा नसेलच

छोट्या ओव्हनमध्ये अख्खं चिकन कोंबू नका. मांड्या, तंगड्या, छाती असे तुकडे करून घ्या, मीठ तसंच रात्री लावा, २०० डिग्रीला ४०-४५ मिनिटांत होतं, कापायचं कामही वाचतं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात चिकन आधी थोड्या तेलात सगळ्या बाजूंनी लाल करून घ्या, घाई न करता, मग कांदा, गाजर, कपभर स्टॉक, झाकण आणि मंद गॅसवर तास-सव्वा तास. कातडी कुरकुरीत राहणार नाही पण मांस फार मऊ होतं आणि ग्रेव्ही आपोआप तयार. बटाटे मग तव्यावर.

वाटून घ्या, कामही

"काय आणू?" असं कोणी विचारलं तर "काही नको, तुम्ही या फक्त" असं म्हणू नका. लोकांना खरंच काहीतरी करायचं असतं. पण नेमकं सांगा, आणि असं सांगा ज्याला तुमचा ओव्हन आणि गॅस लागणार नाही, ब्रेड, सॅलड, बर्फ, चीज, फळं, प्यायचं. "काहीतरी गोड आण" म्हटलं की तीन केक येतात.

घरात आल्यावरही कामं वाटा. एकाकडे पाणी आणि ग्लास, एकाकडे ताटल्या गरम करणं (गरम पाण्यात बुडवून पुसल्या तरी चालतं, गार ताटलीत वाढलेलं रोस्ट दोन मिनिटांत निवतं), मुलांकडे नावाच्या चिठ्ठ्या आणि नॅपकिन. एकट्या आलेल्या पाहुण्याला तर मुद्दाम काम द्या, हातात काहीतरी असलं की माणूस मोकळा होतो, कोपऱ्यात बसून राहत नाही.

चिकन टेबलवर आणून सगळ्यांना दाखवा, फोटो काढू द्या, आणि परत किचनमध्ये नेऊन कापा. टेबलवर कापताना सगळे बघत बसतात आणि बाकीचं गार होतं. आधी मांडी आणि छातीच्या मधली कातडी कापा, मांडी बाहेरच्या बाजूला वाकवा, सांधा आपणच टक् करून सुटतो, तिथून सुरी घाला. मांडी आणि तंगडी वेगळी करा. मग छातीच्या मधल्या हाडाला लागून सुरी खाली नेत अख्खा भाग एका तुकड्यात सोडवा, दोन्ही बाजू, आणि नंतर पाटावर आडवे जाडसर काप. हाडावरच पातळ काप काढत बसलात तर ते सुकतात. प्लॅटरमध्ये लावून वरून दोन चमचे ग्रेव्ही.

मांडताना सगळी भांडी टेबलच्या मधे ठेवा, ज्याने त्याने घ्यावं आणि शेजाऱ्याला द्यावं. ताटं वाढून दिली की वाढणारा उभाच राहतो. शाकाहारी पाय आणि त्याची ग्रेव्ही मात्र ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याकडून फिरायला सुरुवात होऊ दे, नाहीतर इतरांनी चव बघता बघता त्यांना उरत नाही. चमचे वेगळे ठेवा. जेवणाआधी प्रार्थना होणार असेल तर दुसऱ्या धर्माच्या पाहुण्यांना आधीच हळूच सांगून ठेवा, क्षणभर शांत बसलं की झालं, म्हणजे कोणी मधेच घास तोंडात घेऊन अवघडत नाही. आणि आग्रह एकदाच. कोणी नको म्हटलं तर नकोच असतं.

जेवणानंतरचं

गप्पा रंगल्या तरी दोन तासांच्या आत उरलेलं अन्न फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात आणि घरातलं टेबल नेमकं तिथेच असतं. चिकन हाडावरून सोडवा, उथळ डब्यांत भरा म्हणजे लवकर गार होतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने, आणि परत खाताना आतपर्यंत वाफाळतं गरम करा, तेही एकदाच. रिकामे डबे आधीच जमवून ठेवा आणि निघणाऱ्यांच्या हातात भरून द्या, विचारत बसू नका, पण लांबचा प्रवास असेल तर चिकनऐवजी केक द्या.

हाडं टाकू नका. त्याच रात्री डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात बुडतील एवढं गार पाणी, एक कांदा, गाजर, पाच-सहा मिरे घालून अगदी मंद गॅसवर दीड-दोन तास. खदखदू देऊ नका, गढूळ होतं. गाळा, गार करा, वर जमलेली चरबी काढून टाका. मीठ घालू नका, सूप किंवा पुढची ग्रेव्ही करताना आटवलं की खारट होतं. डब्यावर तारीख लिहा आणि फ्रीझरमध्ये ठेवा.